अपेक्षित निष्कर्षाचा रकाना

विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमाच्या अर्जात सातवा रकाना असा होता: 'प्रयोगाचा अपेक्षित निष्कर्ष'. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सेंद्रिय रसायनाचा नवा प्रात्यक्षिक कोर्स मी सुचवला होता, बारा प्रयोगांचा. बाराही प्रयोगांपुढे हा रकाना मी कोरा ठेवला. विसरून नाही, मुद्दाम. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल पेनानं एक ओळ लिहिली होती, 'रकाना ७ भरून पुन्हा सादर करणे'. ऑफिसातल्या क्लार्कनं तो कागद माझ्या हातात देताना मला समजावलं, "म्याडम, कायतरी लिवून टाका. कोण वाचतंय?"

मी त्याच्या अंगावर ओरडले. तो बिचारा चपापला. त्याचा काही दोष नव्हता. राग त्याआधीचा होता, एप्रिलमधल्या एका परीक्षेपासूनचा, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी ओतूरकडच्या एका कॉलेजात रसायन शिकवते. राहते मंचरला. सकाळी बाजार समितीपुढची ट्रकांची रांग चुकवत एसटीनं निघायचं आणि साडेदहाला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलेलं बघायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं आयुष्य. कुलूप मी उघडत नाही, मामा उघडतात. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळेचे शिपाई. माझ्याआधी दोन वर्षं ते इथे लागले. प्रयोगशाळा माझी आहे असं पाटीवर लिहिलंय, पण कोणती बरणी कुठे आहे हे मामांना विचारावं लागतं.

आमच्याकडे गॅसची नळी आहे, गॅस नाही. मुलं स्पिरिटच्या दिव्यांवर काम करतात. आणि या दिव्यांवर आमची परीक्षा कशी चालते ते आता सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एक पांढरी पूड देतात. ती कोणती हे त्यानं ओळखायचं. ही झाली कागदावरची परीक्षा. खरी परीक्षा अशी की सुरुवातीला मामा स्पिरिटचा कॅन घेऊन ओळीनं दिवे भरत जातात, आणि दिवा भरायला खाली वाकले की पोराच्या कानात पुडीचं नाव सांगतात. मग पोरं दिवा पेटवतात, नळ्या हलवतात, आणि त्या पुडीची पाठ केलेली निरीक्षणं उत्तरपत्रिकेत उतरवतात. जर्नल मागच्या वर्षीच्या पोरांकडून आलेलं असतं, त्यांना त्यांच्या मागच्यांकडून. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक तेवढ्यात माझ्या केबिनमध्ये चहा घेत असतात.

मला हे माहीत होतं का? होतं. सव्वीस वर्षं माहीत होतं. दुसऱ्या कॉलेजांत मी बाहेरची परीक्षक म्हणून जाते तेव्हा तिथले मामा दिवे भरत असतात आणि मी चहा पीत असते. नंतर मला मासवडी-भाकरीचं जेवण असतं. या भागात पाहुण्याला मासवडी केल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मासवडी खाल्लेला माणूस पोरं नापास करत नाही. मीही कधी कुणाला केलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत कॉलेजात मूल्यांकनाची समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे शिक्षण सुधारत नाही, भिंती रंगवतात. केमिकलची खोली रंगवायला काढली. रंगाऱ्यांनी सगळ्या बरण्या उचलून व्हरांड्यात ठेवल्या आणि रंग वाळल्यावर परत फळ्यांवर लावल्या. त्यातल्या निम्म्या बरण्यांची लेबलं आम्लाच्या वाफेनं कधीच खाऊन टाकली होती. मामा बरण्या जागेवरून ओळखायचे: वरची फळी, डावीकडून तिसरी. समिती आली, रंगाचं कौतुक करून गेली.

एप्रिलमधल्या त्या परीक्षेला बारा जणांची तुकडी होती. बाकीच्या पुड्या संपत आल्या होत्या, म्हणून बाराही जणांना एकच द्यायची असं मी ठरवलं. बेंझोइक आम्ल. खायच्या सोड्याच्या पाण्यात चिमूटभर टाकलं की हे आम्ल फसफसतं, बुडबुडे येतात. रसायनाचा गंध नसलेल्या माणसालाही दिसतील इतके येतात. मामांनी वरच्या फळीवरची डावीकडून तिसरी बरणी काढली, बारा छोट्या बाटल्या भरल्या, आणि परीक्षेच्या वेळी दिवे भरत बारा कानांत नाव सांगून आले.

त्या बारांत एक मुलगी होती. ओतूरच्या पलीकडच्या गावातली, कांद्याच्या घरातली. आमच्याकडे कांदा बराखीत साठवतात, म्हणजे वारा खेळेल अशा फटींच्या लांबोळक्या खोलीत, आणि मधूनमधून तो हातानं निवडावा लागतो, सडका एकीकडे, चांगला एकीकडे. ही पोर आईशेजारी बसून कांदा निवडत मोठी झालेली. वर्गात फार बोलायची नाही. पण प्रश्न विचारला की ती पुस्तकाकडे न बघता समोरच्या वस्तूकडे बघायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. तिला पुढच्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तरच घरचे पाठवणार होते, आणि त्या जागेसाठी गुणपत्रिका स्वच्छ लागते. एकही विषय राहिलेला चालत नाही. हे तिनं मला जानेवारीतच सांगून ठेवलं होतं.

परीक्षा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि तिनं हात वर केला.

"म्याडम, फेस येत न्हाई."

मी म्हटलं, "नीट करून बघ."

"तीनदा केलं. सोडा बी बदलून बघितला. येतच न्हाई."

मामांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी तिला म्हटलं, "परीक्षेत बोलायचं नाही. जे येतंय ते लिही." हे शेवटचं वाक्य मी सवयीनं बोलले. ती खाली बसली आणि जे येत होतं ते तिनं लिहिलं. सोड्याच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. पुडीत नायट्रोजन आहे. वितळण्याचं तापमान एकशे चौदा. पूड: ॲसिटानिलाइड.

उरलेल्या अकरा जणांनी लिहिलं, जोरदार बुडबुडे येतात. नायट्रोजन नाही. वितळण्याचं तापमान एकशे बावीस. अकराही जणांचं एकशे बावीस, एकाचंही एकवीस नाही की तेवीस नाही.

बाहेरून आलेल्या सरांनी उत्तरांची यादी समोर ठेवून पेपर तपासले. तिचा पेपर आला तसे ते हसले. "अकरा जण चूक आणि ही एकटी बरोबर का? नाव सांगूनसुद्धा चुकतात म्हणजे कमाल आहे." नाव सांगतात हे त्यांनाही माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर बोलायला त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी तिला नापास केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांच्या सहीखाली माझी सही लागते. पूड समोर होती, सोडा समोर होता. करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण जेवण थंड होत होतं. मी सही केली.

करून बघायला मला चौथा दिवस उजाडला. तेही कुणाला न्याय द्यायचा म्हणून नाही. बाटल्या परत बरणीत ओतायच्या होत्या आणि तिचं ते "येतच न्हाई" डोक्यात राहिलं होतं. मी चिमूटभर पूड सोड्याच्या पाण्यात टाकली. पूड तळाशी जाऊन बसली. एक बुडबुडा आला नाही. मग मी तापमान घेतलं. एकशे चौदा.

अकरा पोरांनी न आलेले बुडबुडे पाहिले होते. जोरदार पाहिले होते. मला हसावं की कुणाला तरी मारावं ते कळेना. मामांना हाक मारली. त्यांनी नळीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"रंगाऱ्यांनी हलवल्या व्हत्या बरण्या," ते म्हणाले. "एक घर सरकलंय समदं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, म्याडम."

"आणि नावं सांगत फिरता ते?"

"ते तर तुमाला ठावंच हाय." हे ते भांडायला म्हणाले नाहीत, साधं सांगितलं. डिसेंबरात त्यांची निवृत्ती होती.

मी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तू बरोबर होतीस. तिचा चेहरा एवढा उजळला की मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते. ती म्हणाली, "मंग मार्क बदलतील ना? वसतिगृहाची यादी जूनमदी लागती."

मी म्हटलं, "बघते."

गुण बदलायची वाट अवघड नव्हती. निकालाआधी विभागप्रमुखानं एक पानी पत्र दिलं की विद्यापीठ पेपर पुन्हा तपासतं. विभागप्रमुख मीच. पत्रात एवढंच लिहायचं होतं: दिलेली पूड वेगळी होती, या विद्यार्थिनीनं ती बरोबर ओळखली. मी ते लिहायला बसले आणि दुसऱ्या वाक्याशी अडले. पूड वेगळी होती तर बाकीच्या अकरा जणांना बुडबुडे कुठून दिसले? म्हणजे नाव सांगितलं गेलं. कुणी सांगितलं? विभागप्रमुख कुठे होत्या?

मी प्राचार्यांकडे गेले. माणूस गोड. पंखा माझ्याकडे वळवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, एका पोरीसाठी अकरा पोरांवर चौकशी लावायची का? मामांचं शेवटचं वर्ष. तुमचंही नाव येणार. ती ऑक्टोबरात पुन्हा बसेल, निघून जाईल." मग म्हणाले, "तुमचा राग मला कळतो. तो चांगल्या कामाला लावा. विद्यापीठ नवे कोर्स मागवतंय. तुम्ही असा कोर्स सुचवा की हा प्रश्नच उरणार नाही. कायमचा बंदोबस्त."

मी या बोलण्यावर विश्वास ठेवला. नाही, हे खरं नाही. मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवला. बाहेर पडताना मला वाटत होतं की मी मोठं काहीतरी करायला निघाले आहे.

मे महिनाभर मी त्या कोर्सवर राबले. खोटं का बोलू, कोर्स झकास झाला होता. प्रत्येक विद्यार्थ्यानं घरातून किंवा रानातून एक वस्तू आणायची आणि तिच्यात काय आहे ते शोधायचं. उत्तर कुणालाच आधी माहीत नाही, मला नाही आणि मामांनाही नाही. नमुन्याचे बारा प्रयोग मी आधी स्वतः करून बघत होते. मंचरच्या बाजारातून पोतंभर कांद्याची सालं आणून मी त्यांचा रंग उकळून काढला, तुरटी घालून सुतावर चढवला. हळदीत चुना घालून ती लाल केली. घाटाकडून आलेला हिरडा कुटून त्याच्या पाण्यात हिराकस टाकली तर पाणी काळंभोर झालं. मामा ते बघून खूश झाले. "आमचा आजा असलीच शाई करायचा," म्हणाले, आणि काडी बुडवून त्यांनी फिल्टर पेपरावर स्वतःचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांना प्रयोगशाळेत प्रयोग बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दोनदा ती मुलगीही आली होती. हिरडा तिनंच कुटला. कुटता कुटता तिनं विचारलं, "म्याडम, ते पत्राचं?" मी म्हटलं, "हे झालं की सगळंच मार्गी लागेल." ती पुन्हा कुटायला लागली. तिसऱ्यांदा ती आली नाही.

प्रस्ताव चाळीस पानांचा झाला. पत्राचं ते एक पान तसंच राहिलं. निकाल लागला. जूनमध्ये वसतिगृहाची यादी लागली आणि त्यात तिचं नाव नव्हतं, असं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मी पुन्हा प्रस्तावात डोकं घातलं आणि सातव्या रकान्यावर चिडत बसले. त्या रकान्यावर चिडणं फार सोयीचं होतं.

ऑगस्टमध्ये पुण्याला अभ्यास मंडळापुढे बोलावलं. लांबलचक टेबल, बाटलीबंद पाणी, सात जण. अध्यक्ष प्रस्ताव चाळत म्हणाले, "कल्पना छान आहे. ग्रामीण भागाला धरून आहे. पण सातवा रकाना?"

मी म्हटलं, "तो कोराच राहायला हवा. निष्कर्ष आधी लिहिला तर पोरं तोच लिहितात. समोर काही घडो न घडो."

एक जण म्हणाले, "मग बाहेरचा परीक्षक गुण कशावर देणार?"

"त्यानं करून बघावं."

यावर सगळे हसले. अपमान करायला हसले नाहीत, खरोखरच त्यांना तो विनोद वाटला. मला उभं राहून सांगायचं होतं की माझ्या प्रयोगशाळेत अकरा पोरांनी न आलेले बुडबुडे लिहिले आणि जिनं खरं लिहिलं तिला आम्ही दोघा परीक्षकांनी सही करून नापास केलं. तेवढं एक वाक्य बोलले असते तर त्या टेबलावर कुणी हसलं नसतं. मी उभी राहिलेही. आणि म्हणाले, "आमच्या मुलांमध्ये निरीक्षणाची सवय कमी आहे, एवढंच मला म्हणायचंय."

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "आत्ताच भरून टाका मॅडम, म्हणजे आज मंजूर होईल." मी तिथेच बसून बारा निष्कर्ष लिहिले. कांद्याच्या सालीचा पिवळा रंग. हळद लाल. हिरड्याचं पाणी काळं. दहा मिनिटांत झालं. कोर्स मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, कॉलेजच्या ग्रुपवर माझा फोटो पडला. येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून मी त्या सात जणांना मनातल्या मनात शिव्या घालत राहिले. राजगुरुनगरच्या आसपास शिव्या संपल्या. मंचरपर्यंतचा रस्ता उरला होता आणि शिव्या द्यायला मीच उरले होते.

ऑक्टोबरात फेरपरीक्षा झाली. चार मुलं होती, त्यांत ती. तोवर मी आणि मामांनी एकेक बरणी तपासून नवी लेबलं चिकटवली होती. बाहेरून आलेले सर दुसरे होते. मासवडी तीच होती. या खेपेला मी केबिनमध्ये गेले नाही, प्रयोगशाळेतच खिडकीशी उभी राहिले. पूड बेंझोइक आम्लाची, बरणीतून मी स्वतः काढलेली.

मामा स्पिरिटचा कॅन घेऊन निघाले. ओळ सोडून ते आधी तिच्याकडे गेले. बराच वेळ वाकून होते. मामा तिचं देणं लागत होते आणि त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

वीस मिनिटांत तिनं पेपर आणून दिला. सुवाच्य अक्षर. सोड्याच्या पाण्यात जोरदार बुडबुडे येतात. नायट्रोजन नाही. वितळण्याचं तापमान एकशे बावीस. पूड: बेंझोइक आम्ल. सगळं बरोबर. मी तिच्या टेबलाकडे पाहिलं. दिवा पेटवलेला नव्हता. पुडीची बाटली उघडलेलीही नव्हती. सहा नळ्या धुऊन ठेवल्या होत्या तशाच, कोरड्या ठक्क.

मी हळूच म्हटलं, "अगं, नळी तरी ओली करायची."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"मागच्या टायमाला वली केली व्हती, म्याडम," ती म्हणाली.

मग दप्तर उचलून ती एसटी गाठायला गेली. बाहेरच्या सरांनी यादीशी पेपर ताडून पाहिला, पैकीच्या पैकी गुण दिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यांच्या सहीखाली मी सही केली.